जुन्या बाजारातील नवखा

नव्या वस्तूंच्या दुकानात शिरताना गिऱ्हाइकाला फारशी विद्या लागत नाही. भाव चिठ्ठीवर छापलेला असतो, कारखान्याचे नाव खोक्यावर असते आणि वस्तू बिघडली तर काय करावे हेही पावतीच्या पाठीमागे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. जुन्या बाजाराचा न्याय निराळा आहे. तेथे भाव लिहिलेला नसतो, पावती मिळत नाही, वस्तूच्या वयाचा दाखला कोणी देत नाही. विक्रेत्याला मात्र तिची सात पिढ्यांची कुळकथा तोंडपाठ असते! अशा बाजारात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या नवख्या मनुष्याने काय पाहावे, काय विचारावे आणि कोठे हात आखडता घ्यावा, याविषयी आज आपल्याशी चार गोष्टी बोलाव्यात असा माझा विचार आहे.

असे बाजार जगात सर्वत्र आहेत. पॅरिसच्या वेशीवरील सँ-तुआँ येथील बाजाराला तर फ्रेंच लोक ‘पिसवांचा बाजार’ म्हणतात. जुन्या गाद्यागिरद्यांबरोबर पिसवाही फुकटात घरी येत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. १८८३ साली पूबेल नावाच्या अधिकाऱ्याने प्रत्येक घरमालकाने कचऱ्यासाठी डबे ठेवावेत असा हुकूम काढला, तेव्हा रस्त्यावरचा केर चाळून पोट भरणाऱ्या चिंधीवाल्यांचा धंदा अडचणीत आला आणि त्यांतले पुष्कळजण शहराबाहेर जाऊन स्थिरावले. कचऱ्याच्या डब्याला फ्रेंच भाषेत आजही त्या अधिकाऱ्याचेच नाव आहे. मोठेपणा मनुष्याला कोणत्या वाटेने गाठील याचा नेम नाही! आपल्याकडे मुंबईत मटण स्ट्रीटच्या आसपासचा चोरबाजार प्रसिद्ध आहे. मुळात तो ‘शोरबाजार’, म्हणजे गोंगाटाचा बाजार, आणि साहेबाच्या जिभेवर त्याचा चोरबाजार झाला, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. पुण्याच्या मंगळवार पेठेतील जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, हे पुणेकरांना सांगायला नकोच.

मी राहतो तो जे. पी. नगर भाग बंगळूर शहराच्या दक्षिणेस आहे. जयप्रकाश नारायणांचे नाव धारण करणारी ही वसाहत तशी नवीच. पेठ, आळी, वाडा हे शब्द येथे नाहीत. येथे पहिला फेज, दुसरा फेज अशी मोजदाद चालते. जुनी म्हणून बोट दाखवावी अशी वास्तू या भागात क्वचितच आढळते. म्हणूनच की काय, येथील नव्या दिवाणखान्यांना जुन्या वस्तूंची ओढ मोठी आहे. एका घरी काचेच्या कपाटात पितळी समई उभी असते, दुसऱ्या घरी भिंतीवर लंबकाचे घड्याळ असते, तिसऱ्या घरी कोपऱ्यात कर्ण्याचा ग्रामोफोन असतो. यांतल्या कित्येक वस्तू ज्या बाजारातून आलेल्या असतात, त्या बाजाराला जायला फार सायास पडत नाहीत. २०१७ सालापासून मेट्रो रेल्वेचा हिरवा मार्ग जे. पी. नगरहून थेट जुन्या पेठेत जातो. बनशंकरी, जयनगर, लालबाग अशी स्थानके मागे टाकीत गाडी जमिनीखाली शिरते आणि कृष्णराजेंद्र मार्केटनंतर चिक्कपेटला आपण बाहेर पडतो.

ही पेठ केंपेगौडाने वसविलेल्या मूळ बंगळुराचा भाग. १६३८ साली विजापूरच्या फौजेने हे ठाणे घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यामुळे मराठी मनुष्याला या अरुंद गल्ल्यांतून हिंडताना अगदीच परक्या मुलखात आल्यासारखे वाटत नाही. आठवड्याचे सहा दिवस येथे कापड, भांडी आणि विजेचे सामान यांचा घाऊक व्यापार चालतो. रविवारी बी. व्ही. के. अय्यंगार रस्त्यावरील दुकानांची दारे बंद झाली, की त्या बंद दारांपुढे पदपथावर दुसराच बाजार मांडला जातो. गोणपाट किंवा मेणकापड अंथरायचे, त्यावर आठवडाभर गोळा केलेले सामान ओतायचे, की झाले दुकान. करवती, पाने, पेचकस, मोटारीचे दिवे, मुके झालेले रेडिओ, फुटक्या भिंगांचे कॅमेरे, एका पायाच्या खुर्च्या, कुलुपावाचून किल्ल्या आणि किल्लीवाचून कुलुपे! आणि या सगळ्या ढिगाऱ्यात अधूनमधून काहीतरी असे चमकून जाते, की पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो.

नवख्याची खरी परीक्षा त्या चुकलेल्या ठोक्यापासून सुरू होते. गिऱ्हाइकाचे डोळे कोणत्या वस्तूवर थबकले, हे विक्रेत्याने त्याच क्षणी टिपलेले असते. तो वस्तू उचलतो, सदऱ्याच्या बाहीने पुसतो आणि कन्नड, दख्खनी आणि मोडकी इंग्रजी अशा त्रिवेणी भाषेत कथा सुरू करतो. वस्तू म्हैसूरच्या राजवाड्यातली असते, टिपू सुलतानाच्या सरदाराची असते, निदान एखाद्या विलायती कर्नलच्या बंगल्यातली तरी असतेच. सकाळची वेळ असेल तर भवानीचा आग्रह निघतो. आपण मराठीत ज्याला भवानी म्हणतो त्याला हिंदीत बोहनी आणि कन्नडमध्ये बोणी म्हणतात. ‘बोणी आहे, सार, नाही म्हणू नका,’ हे वाक्य ऐकून पाघळणारा मनुष्य मनाने सज्जन असतो, पण त्याने जुन्या बाजारात एकट्याने जाऊ नये हे बरे.

आता या कथेचा जरा विचार करू. विक्रेता लबाड असतो म्हणूनच ती रचतो, असे मला वाटत नाही. खरी गोष्ट अशी, की वस्तू त्याच्या हाती येईपर्यंत तिची खरी हकिगत केव्हाच गळून पडलेली असते. एखादे घर मोडते, म्हातारी माणसे जातात, मुले परदेशी असतात. घर रिकामे करणारा कंत्राटदार सगळे सामान उक्ते उचलतो. त्याच्याकडून ते भंगारवाल्याकडे, भंगारवाल्याकडून पदपथावर येते. या तीनचार हातांत वस्तू टिकते, पण ती कोणाची, कोठली, कशासाठी होती, हे सांगणारे माणूस पहिल्याच पायरीवर मागे राहिलेले असते. जुना बाजार म्हणजे वस्तू आणि तिची हकिगत यांची फारकत झालेली जागा. रिकाम्या जागी विक्रेता आपली कथा बसवतो, कारण नुसत्या पितळेला मोडीचा भाव येतो आणि कथेसकट पितळेला चौपट. नवख्याने पहिला धडा घ्यावा तो हा, की वस्तूचे पैसे द्यावेत, कथेचे देऊ नयेत.

मग वस्तूची परीक्षा करायची कशी? श्रोतेहो, वस्तू मुकी असली तरी साक्ष देत असते. ती ऐकण्यासाठी चार साधने पुरतात. खिशात मावेल असे भिंग, लहानसे लोहचुंबक, छोटी विजेची बत्ती आणि वजनाचा लहान काटा. पाचवे साधन म्हणजे धीर. ते बाजारात विकत मिळत नाही.

पितळेच्या नि तांब्याच्या भांड्यांपासून सुरुवात करू. लोहचुंबक लावून पाहावे. तो चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर पितळेचा मुलामा आहे, इतके निश्चित. मग भांडे उलटे करावे. तांबटाने हाताने घडविलेल्या भांड्यावर ठोक्यांच्या खुणा असतात, आणि पत्रा जोडून केलेल्या जुन्या भांड्यात दातात दात बसवावेत तसा सांधा बत्तीच्या उजेडात दिसतो. यंत्रावर ओढलेले भांडे आतून बाहेरून एकसारखे गुळगुळीत असते. त्यानंतर झीज पाहावी. खरी झीज पक्षपाती असते. जेथे हात लागतो, जेथे बूड टेकते, जेथे झाकण घासते, तेथेच ती असते. अडकित्त्याची मूठ झिजलेली असावी, खिळा सैल झालेला असावा, पात्याला दगडावर लावल्याच्या रेघा असाव्यात. नवी वस्तू आम्लात बुडवून किंवा मातीत पुरून तिला म्हातारपण आणतात, तेव्हा ते म्हातारपण सर्वांगी सारखेच येते. कोपऱ्यात आणि कडेवर, आत आणि बाहेर, एकच हिरवट काळेपणा दिसला की सावध व्हावे. मनुष्यदेखील असा सर्वांगी सारखा म्हातारा होत नाही!

नाण्यांच्या बाबतीत ‘दिसते तसे नसते’ ही म्हण शब्दशः खरी आहे. एका बाजूला हनुमान किंवा रामदरबार, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८ साल, अशी तांब्यापितळेची मोठी चकती बहुतेक प्रत्येक पथाऱ्यावर दिसते. १८१८ म्हणजे पेशवाई बुडाल्याचे साल. ते वाचून मराठी मनाला भलताच इतिहास दिसू लागतो. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. ती अलीकडे केलेली खेळणी आहेत. अशाच चकत्या तांदळाचे दाणे आपल्याकडे ओढून घेतात, त्यांत दैवी शक्ती आहे, असे सांगून दक्षिणेत लोकांना लाखो रुपयांना लुबाडल्याचे गुन्हे नोंदलेले आहेत. शिवराईचीही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नाव छत्रपतींचे असले, तरी ही तांब्याची नाणी पेशवाईच्या अखेरपर्यंत आणि पुढेही काही काळ पाडली जात होती. हाती आलेली शिवराई राज्याभिषेकाच्या वेळचीच आहे असे मानण्याचे कारण नाही. तिचे मोल त्यामुळे कमी होत नाही. फक्त तिला आपले खरे वय सांगू द्यावे. चांदीचा जुना रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजनाचा असे. काटा खोटे बोलत नाही. १९४७ सालचा रुपया निकेलचा, तो लोहचुंबकाला चिकटतो. व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया चिकटला तर राणीचा मुखवटा किती का सुबक असेना, तो खाली ठेवावा.

राजा रविवर्म्याच्या चित्रांचे छाप हे आपल्याकडील लोकांचे दुसरे प्रेमस्थान. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्यातील लक्ष्मी आणि सरस्वती हजारो मराठी घरांतील देवघरांत पोहोचल्या. शिळाछापाचे रंग एकावर एक दगडाने उमटविलेले असत. भिंगातून पाहिले तर ते वेड्यावाकड्या कणांसारखे दिसतात. भिंगाखाली ठिपक्यांची अगदी नेटकी जाळी दिसली, तर ते आधुनिक यंत्राचे काम समजावे. ते चित्र भिंतीवर लावायला काहीच हरकत नाही. मात्र शंभर वर्षांचे म्हणून दाम मोजायचे कारण नाही.

कर्ण्याच्या ग्रामोफोनबद्दल आकाशवाणीवरून बोलताना जरा जिव्हाळा वाटणे साहजिक आहे. १९०२ साली कलकत्त्याला गौहरजानचा आवाज तबकडीवर उतरला आणि पुढच्या पाऊणशे वर्षांत ते नाद घरोघर गेले. पण १९३० च्या सुमारास आपल्या घरांतून वाजणारी यंत्रे बहुतेक पेटीवजा होती. कर्णा आतच दडविलेला असे. आज बाजारात दिसतो तो झगझगीत पितळी कर्णा आणि अष्टकोनी पेटी हा जुन्या-नव्या तुकड्यांचा संसार असतो. कर्णा पाहून खरेदी करू नये. किल्ली द्यावी, तबकडी लावावी आणि कान देऊन ऐकावे. त्यापेक्षाही नवख्याला माझा सल्ला असा, की यंत्राआधी तबकड्या चाळाव्यात. लाखेच्या त्या जड तबकड्यांना दिवाणखान्यात कोणी विचारीत नाही, म्हणून त्या स्वस्त असतात. आणि एखाद्या विस्मृत गायिकेची तीन मिनिटांची बंदिश आज त्या एकाच तबकडीत उरलेली असण्याचा संभव असतो.

बंगळूरच्या बाजाराचे खास वैशिष्ट्य म्हणजे एच.एम.टी.ची मनगटी घड्याळे. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने या शहरात घड्याळांचा कारखाना निघाला. किल्लीचे ‘जनता’ घड्याळ हे कित्येकांना पहिल्या पगाराचे किंवा लग्नातल्या मानाचे म्हणून मिळालेले असे. २०१६ साली हा घड्याळांचा उद्योग बंद करण्याचा निर्णय झाला आणि त्या घड्याळांची किंमत एकाएकी वाढली. किंमत वाढली की कारागिरी वाढते. जुने यंत्र, परकी पेटी आणि वर भडक रंगाची नवी तबकडी असे जुळवलेले नमुने आता पथाऱ्यांवर मांडलेले असतात. तबकडीवरची अक्षरे भिंगाखाली जाड आणि पुसट दिसली, किंवा काटे तबकडीच्या मानाने लांब-आखूड वाटले, तर समजावे की हे घड्याळ तीन घड्याळांचे मिळून झाले आहे.

काही वस्तू मात्र स्वतःची जन्मपत्रिका अंगावरच बाळगतात. ती वाचण्याची सवय लावून घ्यावी. डब्यावर रत्तल किंवा शेर असेल, तर दशमान मापे रूढ होण्यापूर्वीचा तो माल आहे. किंमत ‘नये पैसे’ म्हणून छापली असेल, तर तो १९५७ ते १९६४ या काळातला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर तो १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. ‘म्हैसूर राज्य’ असेल, तर १९७३ च्या नोव्हेंबरपूर्वीचा. कपबशीच्या बुडाशी ‘ऑक्युपाइड जपान’ हे शब्द असतील, तर दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंतचा काळ ठरतो. ‘झेकोस्लोव्हाकिया’ हे देशाचे नाव १९१८ पूर्वी नव्हते आणि १९९२ नंतर उरले नाही. त्या नावाची मण्यांची माळ टिपूच्या जनानखान्यातली आहे असे कोणी सांगू लागला, तर हसून पुढे जावे. असे वाचन करता करता नवख्याच्या ध्यानात येते, की जुने आणि पुरातन यांत मोठे अंतर आहे. ‘जुने ते सोने’ ही म्हण घरातल्या वडीलधाऱ्यांविषयी खरी असेल. बाजारात ती विक्रेत्याच्या उपयोगाची आहे.

येथवर बोललो ते फसू नये म्हणून. परंतु या विषयाला दुसरी बाजू आहे आणि ती अधिक गंभीर आहे. समजा, सर्व परीक्षा उतरल्या आणि वस्तू खरोखरच प्राचीन निघाली, तर काय? आपल्या देशात १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा आहे. तो १९७६ पासून अमलात आला. शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी कलावस्तू ‘पुरावशेष’ ठरते. ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा शास्त्रीय महत्त्वाच्या हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षे पुरतात. पुरावशेषांचा व्यापार परवान्याविना करता येत नाही, मूर्ती, चित्रे, सचित्र पोथ्या अशा वस्तूंची नोंदणी करावी लागते आणि खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशी राहणाऱ्या भाच्याला भेट म्हणून शंभर वर्षांची गणेशमूर्ती पाठविणाऱ्या प्रेमळ मामाने हे ध्यानात ठेवावे. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्याला द्यावी, असा १८७८ चा कायदा आहे. हस्तिदंताच्या खरेदीविक्रीला वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. आजोबांची काठी होती, ही सबब तेथे चालत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी विवेक उरतोच. तमिळनाडूतील श्रीपुरंतान गावच्या देवळातून चोरीला गेलेला चोलकालीन नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने मोठी किंमत मोजून घेतला होता. त्याच्यासोबत कागदपत्रे होती, पूर्वीच्या मालकीची हकिगत होती. ती हकिगत खोटी होती. २०१४ साली तो देव भारताला परत मिळाला. एवढ्या मोठ्या संस्थेला जी कथा पचली, ती नवख्याला पचणे काय कठीण? म्हणून ज्या मूर्तीच्या पायाशी चौथऱ्यावरून उपटल्याची खूण आहे, ज्या समईवर किंवा घंटेवर एखाद्या देवस्थानाचे नाव कोरलेले आहे, ती वस्तू कितीही स्वस्त मिळत असली तरी तिला हात लावू नये. तिची हकिगत हरवलेली नाही. कोणीतरी ती पुसण्याचा प्रयत्न करीत आहे, आणि पैसे मोजणारा त्या पुसण्याचा भागीदार होतो.

मग जुन्या बाजारातून घ्यावे तरी काय? याचे उत्तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाने दिलेले आहे. दिनकर गंगाधर केळकरांनी सिंहासने आणि रत्ने शोधली नाहीत. त्यांनी दिवे, अडकित्ते, वज्री, फण्या, दौती, स्वयंपाकाची भांडी आणि दरवाज्यांच्या चौकटी जमविल्या. लोक ज्याला अडगळ म्हणत, त्यात त्यांनी संसाराचा इतिहास पाहिला. वीस हजारांच्या घरात गेलेला हा संग्रह, अकाली गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावाने, त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यांच्याही आधी इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून वाड्यांच्या माळ्यांवरील दप्तरे सोडवीत होते. जे कागद रद्दीत जायचे किंवा वाळवीच्या तोंडी पडायचे, त्यांतून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. या दोघांनी केलेले खरे काम संग्रहाचे होतेच. पण वस्तू आणि तिची हकिगत यांची तुटलेली गाठ पुन्हा बांधणे, हे त्याहून मोठे होते.

याचे मर्म मला चिक्कपेटच्या एका पथाऱ्यावर चांगले उमगले. भांड्यांच्या ढिगात तांब्याची एक गुंडी पडली होती. विक्रेता म्हणाला, ‘प्यालेसमधली आहे, सार.’ ती हातात घेऊन फिरवली, तर गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी घातलेली देवनागरी अक्षरे दिसली. भांड्यांवर नावे घालणारा कासार ओट्यावर बसून छिन्नीने असा टकटक नाद करीत असे, हे आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. एका बाईचे नाव, तिच्या नवऱ्याचे नाव, आडनाव आणि लग्नाची मिती. आडनाव झिजून अर्धे उरलेले. कोण्या मुलीच्या रुखवतातली ती गुंडी, कोणत्या गावाहून कोणत्या बिऱ्हाडाबरोबर बंगळुराला आली, कोणाच्या हाताने घासली गेली आणि कोणत्या रविवारी या गोणपाटावर येऊन पडली, हे सांगणारे तेथे कोणी नव्हते. राजवाड्याची खोटी कथा त्या गुंडीला मोठेपणा देत होती, आणि तिच्या अंगावरची चार ओळींची खरी कथा कोणाला वाचता येत नव्हती. मी ती विकत घेतली. मोडीच्या भावाने मिळाली. न घेतली असती, तर महिनाभरात भट्टीत वितळून तिच्यावरची अक्षरे नाहीशी झाली असती. घरी आल्यावर अक्षरे होती तशी कागदावर उतरवली, कोठे आणि केव्हा मिळाली ते लिहिले आणि तो कागद गुंडीत ठेवला. त्या बाईच्या वंशजांपैकी कोणी कधी भेटेल की नाही, कोण जाणे. पण ती गुंडी आता निनावी राहिलेली नाही.

तेव्हा नवख्याला माझे सांगणे एवढेच. पहिले तीन रविवार काही घेऊ नये. नुसते हिंडावे, हाताळावे, भाव विचारावेत आणि कान उघडे ठेवावेत. चौथ्या रविवारी ठरावीक रक्कमच खिशात न्यावी. एकाच प्रकारच्या वस्तूंचा नाद धरावा, म्हणजे डोळा लवकर तयार होतो. भाव करताना अपमान करू नये. उन्हातान्हात बसणाऱ्या त्या मनुष्याचेही पोट आहे, आणि भंगाराच्या ढिगातून वस्तू निवडून बाजूला काढणारा पहिला रसिक तोच असतो. मन फारच गुंतले, तर एक चक्कर मारून यावे. परत येईपर्यंत वस्तू गेली तर ती आपली नव्हती असे म्हणावे. राहिली तर भाव थोडा उतरलेला असतो.

आणि बाजाराला निघण्यापूर्वी, श्रोतेहो, एकदा आपल्या घरचा माळा पाहावा. तेथील पाटा-वरवंटा, पानाचा डबा, आजीची फणीकरंड्याची पेटी, मोडीतल्या कागदांचे बासन, हे सर्व उद्याच्या जुन्या बाजाराचे सामानच आहे. आज त्यांची हकिगत सांगणारे कोणीतरी घरात आहे. त्यांच्याजवळ बसून विचारावे आणि एका चिठ्ठीवर लिहावे, की ही वस्तू कोणाची, कोठून आली, कशाला वापरीत. आणि ती चिठ्ठी वस्तूला बांधून ठेवावी. शाईने लिहिलेली दोन ओळींची चिठ्ठी वस्तूइतकी टिकणार नाही, हे खरे. पण पुढच्या पिढीने ती पुन्हा उतरून काढावी इतका काळ ती निश्चित टिकेल.